गारगोटी, शेण आणि तांब्याची तार

दगड तारेत बांधताना मी दोन नियम पाळते. दगडाला भोक पाडायचं नाही आणि कुठेही गोंद लावायचा नाही. दगड निव्वळ तारेच्या पकडीवर राहिला पाहिजे. चौकटीसाठी ०.८ मिलिमीटरची तांब्याची तार, विणायला ०.३ची, एक चिमटा आणि एक कटर, एवढंच सामान. तार मी मोटार वायंडिंगच्या दुकानातून वजनावर आणते, नाहीतर कुणाच्या घरातलं वायरिंग बदललं की जुनी केबल मागून घेते आणि सोलते. तांबं हा गमतीशीर धातू आहे. सुरुवातीला मुकाट्यानं वळतो, पण जितका वाकवाल तितका कडक होत जातो. एकाच जागी चारदा मागेपुढे केलंत की आधी अडून बसतो आणि मग तुटतो. त्यामुळे तारेला हात लावण्याआधी दगड नीट बघावा लागतो. खाच कुठे आहे, कंगोरा कुठे आहे, कुठून निसटेल. अर्धा वेळ नुसतं बघण्यात जातो.

या कामातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे ते पूर्णपणे मागे घेता येतं. कंटाळा आला, तर दोन ठिकाणी तार कापायची. दगड होता तसा. त्याला पत्ताही नाही की तो दोन वर्षं कुणाच्या गळ्यात होता.

पण तार सोडवता येते म्हणून उचललेला दगड परत ठेवता येतो, असं नाही. हा लेख त्या उचलण्याबद्दल आहे.

माझे बहुतेक दगड नगर-जालना पट्ट्यातल्या शेतांच्या बांधांवरून येतात. आपण महाराष्ट्रातले लोक एका प्रचंड थिजलेल्या लाव्ह्यावर राहतो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरांवर थर वाहत आला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यानं आणलेल्या सिलिकानं त्या हळूहळू भरल्या. कुठे अकीक झाला, कुठे गारगोटी, कुठे आत स्फटिकांची गुहाच. वरचा काळा दगड झिजून माती होतो, हे कठीण गोटे मात्र झिजत नाहीत, शेतात वर येतात, नांगराला लागतात. शेतकरी ते वेचून बांधावर फेकतो. मी एकदा एका काकांना विचारलं, यातले चार नेऊ का? ते म्हणाले, "चारच का, ट्रॅक्टर लावू का?"

इथे प्रश्न सुटला असं वाटेल. मालक स्वतः द्यायला तयार आहे, वस्तू त्याला नको आहे, मला हवी आहे. पण ते काका त्या दगडाचे मालक कशाने झाले? जमीन त्यांची, ठीक. सात-बारावर नाव आहे. दगड मात्र त्या सात-बाऱ्यापेक्षा, त्या गावापेक्षा, गाव वसवणाऱ्या माणूस नावाच्या प्राण्यापेक्षाही कितीतरी आधीचा. आणि मी चार तास तार विणून तो साडेसातशे रुपयांना विकते, तेव्हा नेमकं काय विकते? तार तर पन्नास रुपयांचीही नाही.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं १६८९ साली या प्रश्नाचं एक उत्तर दिलं होतं आणि आजही आपण नकळत तेच उत्तर देतो. त्याचं म्हणणं साधारण असं: निसर्ग सगळ्यांचा सामाईक आहे. पण माझे श्रम माझे आहेत. मी माझे श्रम एखाद्या सामाईक वस्तूत मिसळले की ती वस्तू माझी होते. जंगलातलं फळ झाडावर असेपर्यंत कुणाचंच नाही, मी तोडलं की माझं.

वायर रॅपिंग करणाऱ्यासाठी हा सिद्धांत जणू मापानं शिवलाय. दगड सामाईक, श्रम माझे, दोन्ही एकमेकांत अक्षरशः गुंतलेले. पण १९७४ मध्ये रॉबर्ट नॉझिक या अमेरिकन तत्त्वज्ञानं लॉकला एक खोडकर प्रश्न विचारला. माझ्याकडे टोमॅटोच्या रसाचा डबा आहे. तो मी समुद्रात ओतला आणि रस सगळ्या पाण्यात मिसळला. आता समुद्र माझा झाला, की मी मूर्खासारखा माझा रस वाया घालवला?

चार तासांची तार आणि सहा कोटी वर्षांचा दगड. हिशोब टोमॅटोच्या रसासारखाच आहे. मी दगडाची मालक होत नाही, मी माझी तार त्याच्यावर खर्च करते, असंच मला प्रामाणिकपणे वाटतं. साडेसातशे रुपये तारेचे, नजरेचे आणि बोटांच्या दुखण्याचे. दगड फुकट सोबत येतो.

लॉकनं मात्र एक अट घातली होती, जी लोक सोयीनं विसरतात. सामाईकातून घ्या, पण इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे राहिलं पाहिजे. नदीतून ओंजळभर पाणी प्यायलात तर कुणाचं काही गेलं नाही. बांधावरच्या गारगोटीला ही अट सहज लागू पडते. मी चार नेल्या, चारशे उरल्या, आणि पुढच्या नांगरटीला आणखी येतील.

जीवाश्माला ती लागू पडत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं सापडतात आणि त्याहून जास्त सापडतं ते डायनोसॉरचं शेण. दगड झालेलं. वास येत नाही, हात खराब होत नाही, पण दिसायला ते जे आहे तेच दिसतं. दागिना म्हणून त्याला सहसा कुणी हात लावणार नाही. मीही त्याला तार गुंडाळणार नाही, आणि इथे तत्त्वाचा काही संबंध नाही, माझं गिऱ्हाईक पळून जाईल.

तर २००५ साली भारतीय आणि स्वीडिश संशोधकांनी हे शेण तपासलं. गवताच्या पेशींमध्ये सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात, प्रत्येक प्रकारच्या गवताचा आकार वेगळा. पान कुजतं, कण टिकतो. हे कण त्यांना शेणात सापडले, किमान पाच वेगवेगळ्या प्रकारच्या गवतांचे. तोवर अभ्यासकांची समजूत होती की डायनोसॉरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच, ते नंतर आलं. विदर्भातल्या एका शेतातल्या शेणानं ती समजूत मोडली. 'सायन्स'सारख्या नियतकालिकात तो निबंध आला.

मला यातली जी गोष्ट सुचेनाशी करते ती अशी: संग्राहक सुंदर गोष्ट उचलतो. मी, तुम्ही, इन्स्टाग्रामवर हॅशटॅग लावून शोधणारा प्रत्येक जण. आपली नजर रंगाकडे, चकाकीकडे, वळणदार आकाराकडे जाते. आणि पृथ्वीनं जे लिहून ठेवलंय त्यातला मोठा भाग कुरूप आहे. उचलायच्या लायकीचं काय, हे ठरवणारी आपली फूटपट्टीच चुकीच्या गोष्टी मोजते.

आणि सुंदर गोष्टींचं तरी काय? समजा सुबक गोल अंडं सापडलं, डायनोसॉरचं. गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथून नागपूरच्या धनंजय मोहबे या भूशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात एक दगडी ठोकळा आणला. त्यात अंडी होती आणि काही बारीक हाडं. १९८७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, हाडं अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाची असावीत म्हणून. पुढे २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन तो ठोकळा बघत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की यातले काही मणके डायनोसॉरचे नाहीतच. ते सापाचे आहेत. एक साडेतीन मीटर लांब साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून होता आणि शेजारी नुकतंच जन्मलेलं पिल्लू. घरट्यात शिकारीला आलेला साप, आणि त्याच क्षणी वरून गाळ आला असणार. २०१० मध्ये हे जगासमोर आलं. सापाचं नाव 'सनाजेह इंडिकस'.

आता कल्पना करा की त्या ठोकळ्यापाशी आधी माझ्यासारखं कुणीतरी पोचलं असतं. चांगल्या डोळ्याचं, हळुवार हाताचं. त्यानं छिन्नीनं गोल अंडं नीट सोडवून काढलं असतं आणि भोवतीचा 'कचरा' तिथेच टाकला असता. अंडं कुणाच्या तरी दिवाणखान्यात आज सुरक्षित असतं. सगळे म्हणाले असते, वा, किती जपून ठेवलंय. साप मात्र कायमचा गेला असता आणि तो गेला हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

हे नुकसान विचित्र आहे. चोरीत ज्याचं गेलं तो बोंब मारतो. इथे बोंब मारायला कुणी नाही. जे गेलं ते काय होतं हे माहीत असणारा माणूसच अस्तित्वात येत नाही. नीतिशास्त्रात आपण सहसा विचारतो, कुणाला दुखावलं? इथे त्या 'कुणाला'च्या जागी कुणीच नसतं.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, दगड झालेल्या झाडांचं. लोक तिथून तुकडे खिशात घालून नेतात. मग काहींना पश्चात्ताप होतो, काहींना घरात एकामागून एक संकटं आल्यामुळे दगडाचा शाप लागलाय असं वाटतं, आणि ते टपालानं दगड परत पाठवतात, माफीच्या पत्रासकट. उद्यानाचे लोक ते दगड परत जागेवर ठेवत नाहीत. ठेवूच शकत नाहीत, कारण तो नेमका कुठून उचलला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि चुकीच्या जागी ठेवलेला दगड पुढच्या अभ्यासकाला खोटं सांगेल. म्हणून त्यांचा एक वेगळा ढीग आहे. त्याला ते सदसद्विवेकाचा ढीग म्हणतात. परत केलेले आणि तरीही परत न आलेले दगड.

ढिगावरून आठवलं. एक जुनं ग्रीक कोडं आहे. वाळूच्या ढिगातून एक कण काढला तरी तो ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी ढीगच. मग कुठल्या कणाला तो ढीग राहत नाही? तुमच्या-माझ्यासारख्या प्रत्येक पर्यटकाच्या डोक्यात हेच कोडं चालू असतं, फक्त उलट्या बाजूनं: माझ्या एकानं काय होतंय? आणि खरंच, एकानं काही होत नाही. हेच तर त्रासदायक आहे. प्रत्येकाचं म्हणणं खरं आणि शेवटी मैदान मोकळं.

इथवर वाचून वाटेल की माझं मत पक्कं आहे, कुणी काही उचलू नये. तसं नाही.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव आहे. तिथल्या कड्यांतून दर वादळाला जीवाश्म समुद्रात पडतात. १८१०मध्ये तिथल्या एका कर्जबाजारी सुताराचा मृत्यू झाला आणि त्याची मुलं किनाऱ्यावरचे 'शंख' वेचून पर्यटकांना विकू लागली. त्यातली मुलगी मेरी ॲनिंग. पुढे तिनं आणि तिच्या भावानं इक्थिओसॉरचा सांगाडा शोधला, १८२३ मध्ये तिनं पहिला पूर्ण प्लेसिओसॉर. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत तेव्हा बाईला जागा नव्हती. तिनं शोधलेल्या सांगाड्यांवर पुरुषांनी निबंध वाचले. तिनं जीवाश्म विकले नसते तर त्यातले बरेचसे पुढच्या भरतीला चुरा झाले असते. आजही त्या किनाऱ्यावर सैल पडलेले जीवाश्म उचलायला परवानगी असते, कड्यात खोदायला नाही, आणि दुर्मीळ काही सापडलं तर कळवायचं असतं. समुद्र नाहीतरी नेणारच आहे, तर माणसानं का नेऊ नये, हा त्यामागचा साधा विचार.

आपल्याकडे समुद्राचं काम क्रशर करतो. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं निळंभोर खनिज मिळतं, जगभरातल्या संग्रहालयांत गेलेलं. मिळतं कुठे, तर रस्त्यासाठी खडी फोडताना. कुणी बाजूला काढून ठेवलं नाही तर तो निळा रंग डांबराखाली. अशा वेळी विकणारा आणि विकत घेणारा दोघेही वाचवणारे असतात.

शिवाय जीवाश्म शास्त्रज्ञाचाच, हे तरी कुणी ठरवलं? आमच्या देवघरात शाळिग्राम आहे. पणजोबांनी यात्रेहून आणला असं आत्या सांगते. शाळिग्राम म्हणजे नेपाळातल्या गंडकीच्या पात्रात मिळणारा काळा गोटा आणि त्याच्या आत बहुतेक वेळा अमोनाइट असतो, गुंडाळलेल्या शिंपल्यात राहणारा, आपल्या माकुळाच्या नात्यातला समुद्री प्राणी. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचा. शाळिग्रामावरच्या वळणांना आपण विष्णूचं चक्र म्हणतो. भूशास्त्राच्या दृष्टीनं आमचा शाळिग्राम अनाथ आहे, कुठल्या थरातून निघाला याची नोंद नाही. आत्याच्या दृष्टीनं तो घरातला माणूस आहे, त्याला रोज आंघोळ असते, तुळशीच्या लग्नात तो नवरदेव असतो. यातल्या एकाचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं असं मला म्हणता येत नाही. २०२३च्या डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून बातमी आली होती की शेत-गुरांचं रक्षण करणारा भैरव म्हणून गावकरी जे गोल दगड पूजत होते ती डायनोसॉरची अंडी निघाली. बातमीचा सूर हसण्याचा होता. मला हसू आलं नाही. शेताच्या कडेला इतकी वर्षं ती अंडी कुणी फोडली नाहीत, विकली नाहीत, याचं श्रेय भैरवाला द्यायला माझी काही हरकत नाही.

आणि परंपरेतला एक बारकावा मला फार शहाणा वाटतो: शाळिग्रामाची किंमत करू नये म्हणतात. द्यावा, घ्यावा, पण भाव करू नये. आज ऑनलाइन सगळं मिळतं, तो भाग वेगळा.

गेल्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला. विशीतला, आयटीतला, स्पितीचा बाइक ट्रिप करून आलेला. रुमालात अमोनाइटचा अर्धा तुकडा. लांग्झा गावात, साधारण ४,४०० मीटरवर, एका लहान मुलीकडून दोनशे रुपयांना घेतलेला. "ताई, याचं पेंडंट करून दे ना. ॲनिव्हर्सरी आहे. पैसे सांगशील ते."

तुकडा सुंदर होता. काळाभोर, कडांवर बारीक रेघा, जणू कुणी कंगवा फिरवलाय. तार कुठून न्यायची हे मला बघताक्षणीच कळलं होतं. मी विचारलं, कुठल्या ओढ्यातला, काही माहितीये? म्हणाला, "नाही गं, रस्त्याच्या कडेला बसलेली ती." मी म्हटलं, हे मी करत नाही. का ते सांगितलं, साप, शेण, सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग त्यानं दोन प्रश्न विचारले आणि तेव्हापासून ते माझ्या टेबलावर ठाण मांडून आहेत.

पहिला: "तो आता इथे आलाच आहे ना? परत नेला तरी जागा माहीत नाही. मग नुकसान जे व्हायचं ते झालं. तू नाही केलंस तर मी दुसरीकडे जाईन, तो ड्रिलनं भोक पाडेल. तू निदान भोक तरी पाडणार नाहीस."

तत्त्वज्ञानात याच प्रश्नाची एक प्रसिद्ध गोष्ट आहे, बर्नार्ड विल्यम्सनं १९७३ मध्ये मांडलेली. जॉर्ज नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला रासायनिक शस्त्रांच्या प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली जाते. त्याला ते काम मान्य नाही. पण तो नाही म्हणाला तर त्या जागी येणारा माणूस उत्साहानं, जोमानं शस्त्रं बनवेल. शिवाय जॉर्जच्या घरी पैशाची चणचण आहे, बायको-मुलं आहेत. परिणामांचा हिशोब केला तर त्यानं नोकरी घ्यावी. तरी आपल्याला वाटतं की जॉर्जला नाही म्हणायचा काहीतरी अधिकार आहे. विल्यम्सचं म्हणणं असं की माणूस म्हणजे जगातला परिणाम इकडून तिकडे पोचवणारा पाइप नव्हे. त्याची स्वतःची काही बांधिलकी असते, आणि ती हिशोबात सुटी करून टाकता येत नाही.

मला हे पटतं, पण मी त्याच्या आड लपणार नाही, कारण माझ्याकडे परिणामांचंही उत्तर होतं. पेंडंट कपाटात राहत नाही. ते ऑफिसात जातं, लग्नात जातं, स्टोरीवर जातं. दहा जणी विचारतात, कुठून घेतलंस? त्यातल्या दोघी पुढच्या उन्हाळ्यात स्पितीला जातात. हा तुकडा जागेवरून उठला तो उठला, पण मी त्याला तार बांधली की तो अजून न उचललेल्या तुकड्यांची जाहिरात होतो. मी हे त्याला म्हणाले. तो म्हणाला, हे बरोबर आहे.

मग दुसरा प्रश्न. त्याची नजर माझ्या टेबलावरच्या डब्याकडे होती. "आणि हे? हे काय धुतल्या तांदळासारखे आहेत?"

डब्यात गुळगुळीत, तकतकीत अकीक होते. बांधावरचे नव्हेत, बाजारातले. पॉलिश केलेल्या दगडांना मागणी जास्त, म्हणून थोडे आणून ठेवलेले. गुजरातमध्ये खंभात हे अकीकाच्या कामाचं शेकडो वर्षं जुनं केंद्र आहे. आणि तिथे अकीक घासणाऱ्यांना सिलिकोसिस होतो, याची नोंद डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा केलेली आहे. दगड सुका घासला की सिलिकाची धूळ उडते. इतकी बारीक की नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे व्रण पडत जातात. त्यावर औषध नाही. घरातच सराण मांडलेली असेल तर ती धूळ बायकापोरंही घेतात. पाणी सोडून घासणं, धूळ ओढून घेणारं यंत्र बसवणं, हे उपाय आहेत. पण ते ज्याच्या खर्चानं व्हायचे तो दगडांच्या साखळीत सहसा वरच्या टोकाला असतो, घासणारा खालच्या. आणि हे दगड पुढे 'नॅचरल हीलिंग', 'श्वास मोकळा करणारा क्रिस्टल' अशा चिठ्ठ्या लावून विकले जातात.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या सापाबद्दल एवढं बोलणाऱ्या माझ्यासमोर त्या मुलानं, त्याला बहुधा ठाऊकही नसताना, जिवंत माणसाचं फुप्फुस आणून ठेवलं होतं.

वजन कशाचं जास्त, यात मला शंका नाही. फुप्फुसाचं. माहितीचं नुकसान मोठं असतं, भरून न येणारं असतं, पण ते खोकत नाही. संग्राहकांच्या जगात जीवाश्मांच्या नीतीवर खूप चर्चा होते आणि धुळीवर जवळपास नाही, त्याचं कारणही मला दिसतं. जीवाश्माची काळजी करणं म्हणजे आपण संवेदनशील आहोत असं स्वतःला वाटण्याची सोय आहे, त्यात कुणाला मजुरी द्यावी लागत नाही. पण 'खंभातचा अकीक घेणार नाही' हेही सोपं उत्तर नाही. मी घेणं थांबवलं तर घासणाऱ्याची धूळ थांबत नाही, त्याची मजुरी थांबते. मी ज्या व्यापाऱ्याकडून दगड आणते त्याला विचारलं, हे ओले घासलेले आहेत की सुके? तो माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागला जणू मी गव्हाचं जात विचारलं. त्यानंतर दोन दुकानांत विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. सध्या मी त्यांच्याकडून घेत नाही, बांधावरचे खडबडीत दगड वापरते, घासत नाही. गिऱ्हाईक निम्म्यानं कमी झालंय. खडबडीत दगड स्वेटरमध्ये अडकतो, अशी तक्रार असते आणि ती खरी आहे.

कायद्यानं यातलं काही सुटेल. २०२२च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयानं भूवारसा स्थळं आणि भूअवशेष जपण्यासाठी एका विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तशी आणखी व्हावीत, पिसदुऱ्यालाही काहीतरी मिळावं. पण कायदा जागा राखतो, हात नाही. ओढ्यात वाकून काहीतरी उचलणारा हात एकटाच असतो.

मी आता प्रत्येक पेंडंटसोबत एक चिठ्ठी देते. गाव, कुणाचा बांध, महिना, वर्ष. गारगोटीला याची शास्त्रीय गरज शून्य आहे, हे मला माहीत आहे. बहुतेक लोक ती चिठ्ठी खोक्यासकट टाकून देत असणार. काही जणी मात्र तिचा फोटो काढतात. एकीनं विचारलं होतं की बांधाच्या मालकाला यातलं काही मिळतं का. त्या काकांना मी पहिल्या विक्रीनंतर पाचशे रुपये न्यून दिले होते. त्यांनी घेतले नाहीत, पण त्यांच्या सुनेनं एक पेंडंट मागून घेतलं आणि आता त्यांच्या घरी बांधावरचे बरे दगड बाजूला काढून ठेवतात, पत्र्याच्या डब्यात. म्हणजे ज्याची किंमत नव्हती त्याला मी किंमत लावलीच. यातून काय होईल ते बघायचं.

तो मुलगा तुकडा घेऊन गेला. पेंडंट त्यानं दुसरीकडून करून घेतलं नाही, निदान तसं त्यानं कळवलं. बायकोला बांधावरची गारगोटी दिली आणि अमोनाइट त्यांच्या टीव्हीजवळ आहे. जाताना दारात तो म्हणाला होता, "पण ताई, त्या मुलीला मी सांगायचं काय? पुढच्या वर्षी परत जाणारे मी." लाइम रेजिसची मेरी पैशासाठी शंख विकायला लागली तेव्हा साधारण एवढीच होती, हे माझ्या डोक्यात आलं. मी त्याला एवढंच म्हटलं, की विकत घेऊ नकोस, पण तिला विचार कुठे सापडला, आणि तिला ती जागा दाखवायला वेळ असेल तर तिच्या वेळेचे पैसे दे. यावर तो म्हणाला, म्हणजे दगडाऐवजी तिला विकत घेऊ? मी दार लावून घेतलं नाही, पण उत्तरही दिलं नाही. अजून दिलेलं नाही. तो जूनमध्ये निघतोय.